व्याही पुढे, रिक्षा मागे

जगात नवरे अनेक प्रकारचे असतात, पण बायकोने मारलेला टोमणा ही कामाची ऑर्डर समजून त्याची चौदा कागदांवर ड्रॉइंगं काढणारा नवरा परमेश्वराने एकच घडवला असावा, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा झाला. आमचे हे व्याही पनवेलचे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत उभा जन्म ड्राफ्ट्समन म्हणून गेला. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, पण कानामागची पेन्सिल काही सुटली नाही. आंघोळीला जाताना तेवढी काढून ठेवतात, असं विहीणबाई सांगतात. घरात साधी खुंटी ठोकायची असली तरी आधी तिचा नकाशा होतो, समोरून एक, बाजूने एक आणि वरून एक. खालच्या कोपऱ्यात चौकट आखून 'मंजूर' असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे विहीणबाईंची सही लागते. मुलीच्या साखरपुड्याआधी त्यांनी मला हॉलचा नकाशा पाठवला होता. त्यात प्रत्येक पाहुण्याची खुर्ची दाखवलेली होती आणि माझ्या खुर्चीखाली बारीक, सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'वधूपिता, पंख्याखाली'. तोपर्यंत या स्थळाबद्दल माझ्या मनात थोडी धाकधूक होती. ती त्या दोन शब्दांनी गेली. मुलीच्या बापाला वारा लागावा म्हणून ज्याने पट्टी लावून रेघ मारली, त्याच्या घरात माझ्या मुलीला काही कमी पडणार नाही, हे मी बायकोला त्याच दिवशी सांगून टाकलं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे त्यांची गाडी. ही गाडी वयाने माझ्याहून मोठी आहे. मी निवृत्त झालो तेव्हा ती कामावर होती, आणि आजही आहे. गोल पाठीची, वाटोळ्या दिव्यांची ही गाडी व्याह्यांच्या वडिलांनी एका मिठागरवाल्याकडून घेतलेली. व्याही तिला अहोजाहो करतात. 'आज त्यांचा आवाज जरा बसलाय', 'त्यांना सकाळी सकाळी घाई केलेली चालत नाही', असं त्यांचं बोलणं चालतं. सुरू करण्यापूर्वी ते बॉनेटवर तळवा ठेवून दीड मिनिट गप्प उभे राहतात, पोराचा ताप बघावा तसे. पार्किंगमध्ये सावली एकच असेल तर ती गाडीला मिळते आणि हे उन्हात उभे राहून तिची राखण करतात. पस्तीसच्या वर वेग नेला की माणसाला विचार करता येत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. एकदा मी शेजारी बसलो असताना मागून एक अंडेवाला सायकलची घंटी वाजवत आला. व्याह्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला रीतसर साइड दिली आणि म्हणाले, "जाऊ दे, घाई असेल बिचाऱ्याला."

पण या गाडीची खरी गंमत मला साखरपुड्याच्या दिवशी कळली. आम्ही सगळे नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीच्या फाटकात स्वागताला उभे होतो. समोरून ती गाडी डौलात आली. पुढे व्याही एकटेच, टोपी घालून. त्यांच्या मागून दहा पावलांवर एक रिक्षा आली आणि तिच्यातून जरीची साडी सावरत विहीणबाई उतरल्या. दोघं एकाच घरून, एकाच वेळी निघाली होती. मी चाट पडलो. आमच्या सोयऱ्यांपैकी एकाने हळूच सांगितलं, "गेली बारा वर्षं हे असंच चालतं. तुम्ही लक्ष देऊ नका."

बारा वर्षांपूर्वी काय झालं होतं, ते पुढे मला दोन्ही पक्षांकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं. व्याह्यांच्या मते 'त्यांना जरा थकवा आला होता'. विहीणबाईंच्या मते त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं खोपोलीला लग्न होतं, मे महिना होता, आणि कोन गावाच्या जरा पुढे गाडीचं पाणी उकळून बॉनेटमधून वाफ निघायला लागली. पैठणी नेसलेल्या विहीणबाई तीन तास त्या तापलेल्या डब्यात बसून राहिल्या. खोपोलीला पोचल्या तेव्हा मंडपात शेवटची पंगत उठत होती. भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या त्या राहिल्याच. येताना एसटीने आल्या आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला बोलावून सांगितलं, "यापुढे मला जिथे जायचं असेल तिथे तू न्यायचं." तेव्हापासून लग्न असो, मुंज असो, तेरावं असो, व्याही पुढे आणि रिक्षा मागे. माझ्या मुलीची वरात त्याच गाडीतून पनवेलला गेली आणि तिची सासू मागून रिक्षात, हे आमच्या नातेवाइकांत अजून रंगवून सांगितलं जातं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या घरात नवं माणूस येतं ते याच गाडीतून. विहीणबाई लग्न होऊन हिच्यातूनच आल्या, जावई दवाखान्यातून हिच्यातूनच घरी आले, माझी मुलगीही आली. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली, नात झाली, आणि तिसरा महिना सरला की बाळ-बाळंतिणीला न्यायला सासरची माणसं येणार, असं ठरलं. तो तिसरा महिना नेमका मे महिन्यात सरत होता. बाळाला पहिल्यांदा घरी नेताना आजीच्या मांडीवरून न्यायचं, हीसुद्धा त्यांच्या घरची रीत. म्हणजे बाळ गाडीत हवं आणि आजीही गाडीत हवी. बारशाच्या दिवशी व्याह्यांनी भीत भीत विषय काढला. विहीणबाई पेढ्यांचं ताट फिरवत होत्या. न थांबता म्हणाल्या, "तान्ह्या पोरीला घेऊन त्या भट्टीत मी बसणार नाही. एसी बसवा आधी तिच्यात, मग बघू." आम्ही सगळे हसलो. हे एकटे हसले नाहीत. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि बारशाच्या पत्रिकेच्या पाठीमागे तिथल्या तिथे इंजिन काढायला घेतलं.

पनवेलमधल्या झाडून सगळ्या एसीवाल्यांनी त्यांना हात जोडले. एक जण म्हणाला, "काका, या इंजिनाला कॉम्प्रेसर जोडला तर एकतर एसी चालेल, नाहीतर गाडी चालेल." शेवटी उरणच्या किनाऱ्यावर त्यांना एक कोळी मेकॅनिक भेटला. मासेमारीच्या होड्यांची इंजिनं आणि बर्फाच्या कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचे केस पांढरे झाले होते. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "का नाय व्हनार? आमच्या होड्यांची इंजिना हिच्यापेक्षा म्हातारी हायत. ती दर्याच्या पान्यात धावतान, ही तर डांबरावर धावनार." व्याह्यांनी विचारलं, थंडी किती होईल? तो म्हणाला, "मागच्या शिटवर सकाली पापलेट ठेवा. सांजच्याला त्याचं कल्ले लाल असतील. यवरी थंडी पुरं ना?" या माणसाला थंडी मोजायचं दुसरं माप ठाऊकच नव्हतं. व्याह्यांनी ते गंभीरपणे पहिल्या ड्रॉइंगवर लिहून घेतलं: 'अपेक्षित थंडी: एक पापलेट, सकाळ ते संध्याकाळ'.

पुढचे दोन महिने व्याही दिवसभर त्या मेकॅनिकच्या शेडमध्ये. भंगारातल्या एका छोट्या गाडीचा कॉम्प्रेसर मिळाला. त्याच्या पट्ट्यासाठी दोन खाचांची पुली लेथवर कातून घेतली. जुना डायनामो एवढी वीज देईना म्हणून तो काढून त्या जागी मोठा बसवला, तेव्हा व्याह्यांनी जुना पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. गार हवा जिथून यायची त्या डॅशबोर्डखालच्या पेटीला त्यांनी जुन्या रेडिओचं लाकडी तोंड लावलं, कारण प्लॅस्टिकची जाळी 'त्यांना' शोभली नसती. रेडिएटरच्या पुढे जाळी आणि पंखा बसला आणि पहिल्या चाचणीसाठी गाडी व्याह्यांच्या आळीत उभी राहिली. बटण दाबलं. आत बसलेल्या आम्हाला काही कळेना, पण बाहेरून बायकांचा गलका ऐकू आला. पंखा उलटा फिरत होता. इंजिनाची सगळी ऊब समोरच्या ओट्यावर वाळत घातलेल्या कुरडयांवर जात होती. या गाडीत बॅटरीचं अधिक टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, हल्लीच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. मेकॅनिकने सवयीप्रमाणे तारा जोडल्या होत्या. नवव्या ड्रॉइंगवर हे लाल शाईने लिहिलेलं होतं, पण ते कुणी वाचलंच नव्हतं. मेकॅनिक म्हणाला, "काका, तुमी लिवता लई. आमी वाचायचं कवा?" तारा फिरवायला तो संध्याकाळी पुन्हा येणार होता. तोवर आळीतल्या तिघी जणी आपापले पापडही घेऊन आल्या आणि 'तासभर असंच राहू द्या की' म्हणाल्या. व्याह्यांनी तासभर तसंच राहू दिलं.

सगळं जमून आल्यावर प्रश्न उरला विहीणबाईंचा. व्याह्यांनी त्यांच्यापुढे थर्मामीटर धरला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचा थर्मामीटर तुमच्याच बाजूने बोलणार." पण एक माप असं होतं की ज्यात त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं. पनवेलच्या मासळीबाजारात विहीणबाई शिरल्या की कोळणी आदल्या दिवशीची पाटी मागे सरकवतात. त्यांनी कल्ला उचलून बघितला की अख्खी ओळ श्वास रोखून धरते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा व्याह्यांनी ठरवलं की न्यायाधीशही विहीणबाईच आणि मापही तेच. सकाळी सातला मेकॅनिकने बंदरावरून आलेलं एक पापलेट केळीच्या पानावर मागच्या सीटवर ठेवलं. काचा बंद केल्या. मी साक्षीदार म्हणून पुढे बसलो. उरण रस्त्यावर कंटेनरच्या गर्दीत आम्ही अडीच तास रखडलो. बाहेर लोक डोक्यावर रुमाल टाकून चालत होते आणि मी आत चक्क कुडकुडत होतो. पनवेलला पोचलो तरी संध्याकाळ व्हायला अवकाश होता, म्हणून आम्ही त्या पापलेटाला संध्याकाळपर्यंत जवळच्या सुकापूरच्या फेऱ्या मारून आणल्या. मधेच एका ओळखीच्याने हात करून लिफ्ट मागितली. व्याह्यांनी काच दोन बोटं खाली करून सांगितलं, "मागे जागा नाही हो." त्याने मागे वाकून बघितलं आणि चालायला लागला.

साडेपाचला ते पापलेट पिशवीतून स्वयंपाकघरात गेलं. व्याही म्हणाले, "मासे आणलेत." विहीणबाईंनी कल्ला उचलला. अंगठ्याने पाठ दाबली. डोळा निरखला. आम्ही दोघं दारात उभे. त्या म्हणाल्या, "अगदी ताजं आहे. या वेळी कोण बसली होती बाजारात?" व्याह्यांनी काखेतली गुंडाळी काढली. त्यांनी ती ओट्यावर उलगडली. तो उरण ते पनवेल व्हाया सुकापूर असा मार्गाचा नकाशा होता. त्यावर प्रत्येक वळणाची वेळ लिहिलेली आणि शेजारी पापलेटाचं छोटं चित्र. विहीणबाईंनी तो कागद सावकाश वाचला. मग पापलेट पुन्हा हातात घेतलं, पुन्हा कल्ला उचलला, पुन्हा दाबलं. शेवटी म्हणाल्या, "ती सीट लिंबाने पुसून घ्या. पोरीला वास यायला नको." व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सत्तरीच्या त्या माणसाचा चेहरा त्या क्षणी जो झाला होता, तो मला चितारता येत नाही, कारण ड्रॉइंग हा त्यांचा प्रांत आहे.

बाळाला न्यायचा दिवस उजाडला. आमच्या घरी ओटी भरणं झालं. माझ्या बायकोने नातीच्या कानामागे तीट लावली, डोळे पुसले आणि तिला विहीणबाईंच्या हातात दिलं. विहीणबाई जिना उतरल्या, गाडीपाशी क्षणभर थांबल्या आणि चौदा वर्षांनी त्या दारातून आत शिरल्या. शेजारी माझी मुलगी, पुढे व्याही आणि मी. मागे पाहतो तर ती नेहमीची रिक्षा रिकामीच उभी. रिक्षावाला म्हणाला, "बाई नाय बसल्या म्हनून काय झालं? मी आपला मागून येतो. गाडीचा काय भरवसा?" नवीन पनवेलहून जुन्या पनवेलात जायला अंतर ते केवढं! रेल्वेवरचा पूल ओलांडला की पोचलोच. पण त्या पुलाच्या चढावरच एक ट्रक आडवा बंद पडला होता आणि आम्ही मधोमध अडकलो. आत गारवा छान होता, पोरगी झोपली होती. मी सहज समोर पाहिलं तर पाण्याच्या तापमानाचा काटा हळूहळू लाल रेघेकडे चालला होता. तेव्हा बाराव्या ड्रॉइंगवरचं वाक्य मला आठवलं: 'चढावर एसी बंद ठेवणे'. हे वाक्य त्यांनी विहीणबाईंना कधीच दाखवलं नव्हतं. घरापर्यंत गार हवा देईन, असा शब्द देऊन बसले होते. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला. हात बटणाकडे जायचा आणि परत यायचा. एसी चालू ठेवावा तर कोनची पुनरावृत्ती, बंद करावा तर शब्द मोडला. तेवढ्यात रिक्षावाला चालत आला आणि मागच्या काचेशी वाकून म्हणाला, "बाई, बालाला घेऊन या माज्याकडं. मी कडंनं काढतो बरोबर."

त्याचं काही चुकलं नव्हतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. विहीणबाई पुढे वाकल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावरून त्यांनी काट्याकडे पाहिलं. "हा काटा माझ्या ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या. "तीन तास याच्याकडेच बघत होते मी." मग नातीच्या डोक्यावरचं टोपरं सैल करून म्हणाल्या, "बंद करा तो एसी. माझ्या बाजूची काच घ्या खाली. पूल उतरला की परत लावा." आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "तू हो रे पुढे. वाट काढ. आम्ही येतो तुझ्यामागून."

त्यानंतर जे झालं ते अख्ख्या पनवेलने पाहिलं. तो रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून असा काही निघाला की मंत्र्यापुढची गाडीसुद्धा अशी निघत नसेल. 'सरका, सरका, बाल येतंय' असं ओरडत त्याने ट्रकच्या बाजूने वाट केली आणि आमची म्हातारी गाडी गुरगुरत त्याच्या मागून वर चढली. काटा लाल रेघेला टेकला आणि तिथेच थांबला. पूल उतरताना व्याह्यांनी बटण दाबलं. कॉम्प्रेसर लागला तशी गाडी जराशी दबली आणि रेडिओच्या लाकडी तोंडातून पुन्हा गार वारा आला. आळीत शिरलो तेव्हा सगळी माणसं बाहेर येऊन उभी होती. पुढे रिक्षा आणि मागे व्याही, असं दृश्य त्यांनी चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. विहीणबाई उतरल्या तेव्हा त्यांनी पोरीला दुपट्यात घट्ट गुंडाळलं होतं. औक्षणाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या शेजारणीने विचारलं, "अहो, एवढ्या उकाड्यात दुपटं?" विहीणबाई साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आत गारठा आहे फार." व्याह्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि दीड मिनिट तिथेच उभे राहिले.

ते दिवस लोडशेडिंगचे होते. दुपारी तीनला वीज जायची ती पाचला यायची. त्या दोन तासांत सगळ्या आळीत गारवा म्हणून एकच जागा होती. व्याही गाडी कडुनिंबाखाली लावून इंजिन सुरू करायचे, मागे विहीणबाई नातीला मांडीवर घेऊन बसायच्या आणि पोरगी शहाण्यासारखी झोपायची. पोरगी मोठी झाली, शाळेत जायला लागली. वीज जायची थांबली. घराघरांत एसी आले, त्यांच्याकडेही आला. तरी मागच्या आठवड्यात मी सहज तीनच्या सुमारास गेलो तर घराला कुलूप आणि गाडी कडुनिंबाखाली, काचा बंद, इंजिन सुरू. पुढच्या सीटवर व्याही, मागच्या सीटवर विहीणबाई. त्या कधी पुढे बसायला गेल्याच नाहीत. त्या काहीतरी सांगत होत्या आणि हे आरशात त्यांच्याकडे बघून मान हलवत होते. चौदा वर्षं एक पुढे आणि एक मागे जाणाऱ्या त्या दोघांचं राहून गेलेलं बोलणं अजून संपलं नसावं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. काचेवर टकटक करायला मी हात उचलला होता, तो खाली घेतला. माझी बायको जाऊन आता चार वर्षं झाली. आमच्या फ्लॅटमध्ये दोन एसी आहेत आणि दोन्ही उत्तम चालतात. खरं सांगतो, त्या दोघांचा मला हेवा वाटला.

कोपऱ्यावर तोच रिक्षावाला उभा होता. आता त्याचेही केस पिकलेत. मला पाहून म्हणाला, "भेट नाय झाली?"

"गाडीत बसलेत दोघं," मी म्हटलं.

"मंग राहू द्या," तो म्हणाला आणि मला घरी सोडायला त्याने रिक्षा वळवली.